ताटातलं हरीण, कुंपणातलं हरीण

ज्या आवारात हरीण पाहायचं, त्याच आवारात हरणाचं मांस खायचं, ही कल्पना ऐकूनच आपल्याकडची माणसं कानावर हात ठेवतात. पाठोपाठ 'राक्षसी' हा शब्द हमखास येतो. भिलाईतल्या आम्हा मराठी घरांमध्ये तो जरा जास्तच ठसक्यात येतो, कारण आमच्याकडे मैत्रीबाग आहे. तिथे आम्ही पोराबाळांना घेऊन गेलो, हरणं पाहिली, वाघ पाहिला, तळ्यात होडी चालवली, छोट्या रेल्वेत बसलो आणि कुणालाही न खाता घरी आलो. आम्ही प्राण्यांवर प्रेम करणारे, आणि ते लोक बघून मग खाणारे.

या समाधानाशी मला भांडायचं आहे. हरीण ताटात नाही एवढ्यावरून आपण हरणाचे सोयरे ठरत नाही. आमच्या भिलाईने हरीण खाल्लं नाही, पण हरणाचं रान खाल्लं, आणि जेवण झाल्यावर चार हरणांसाठी एक बाग बांधली. असं भोजनालय आपण काय मारून जेवतो आहोत ते निदान पाटीवर लिहून ठेवतं. आम्ही तेही लिहिलेलं नाही.

आधी त्या भोजनालयाबद्दल सांगते, म्हणजे ऐकीव गोष्टीवर बोलते आहे असं कुणाला वाटू नये. मुलगा दक्षिण जर्मनीत नोकरीला आहे. आम्ही दोघं गेलो तेव्हा ऐन पानगळीचे दिवस होते. एका रविवारी तो सगळ्यांना गावाबाहेरच्या एका रानबागेत घेऊन गेला. मोठमोठ्या कुंपणांमध्ये रानडुकरं, सांबरासारखी दिसणारी तांबडी हरणं आणि आपल्या चितळासारखी ठिपक्यांची, पण पंज्यासारख्या चपट्या शिंगांची हरणं. यंत्रात नाणं टाकलं की मूठभर खाद्य मिळायचं. नातीच्या तळहातावरून एका हरणाने ते चाटून खाल्लं. दुपारी आम्ही फाटकाजवळच्या भोजनालयात शिरलो. भिंतीवर शिंगं, लाकडी बाकं आणि यादीत हरणाच्या मांसाचा रस्सा, रानडुकराचं भाजलेलं मांस, सोबत शिजवलेली लाल कोबी, बटाट्याचे गोळे आणि रानबोरांसारख्या फळांचा आंबटगोड मुरंबा.

नातीने विचारलं, "आजी, हे तेच का?"

मुलगा म्हणाला, "तेच नाही गं, पण त्याच जातीचं."

आमचे हे उखडले. "अरे, आत्ताच पोरीच्या हातून खाऊ घातलंस ना त्याला? मग इथे बसवतंच कसं तुला?"

"बाबा, मैत्रीबागेत आपण डबा उघडायचो, त्यात कधी चिकन नसायचं का?"

"कोंबडीची गोष्ट वेगळी."

"का वेगळी?"

यावर यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. यांनी चीज घातलेल्या शेवया मागवल्या, मी रस्सा मागवला. चांगला होता. नातीने एक घास खाल्ला आणि बराच वेळ खिडकीतून कुंपणाकडे पाहत राहिली. भिलाईला परतल्यावर चार मैत्रिणींत ही हकीकत सांगितली, तेव्हा मीच जणू शिकार करून आले अशा नजरा माझ्याकडे वळल्या. एकजण म्हणाली, "निदान मुलांसमोर तरी नको होतं." हे वाक्य मला सगळ्यात खुपलं. मुलांसमोर नको, याचा अर्थ मुलांच्या पाठीमागे चालेल.

तर तिथे नेमकं काय चालतं? मध्य युरोपात लांडगे आणि अस्वलं माणसाने एकोणिसाव्या शतकापर्यंत जवळजवळ संपवली. जर्मनीत लांडगा पुन्हा पिल्लं घालू लागला तो 2000च्या सुमारास, तोही पूर्वेच्या एका कोपऱ्यात. खाणारा उरला नाही, म्हणून हरणं वाढली, आणि वाढलेली हरणं जंगलातली कोवळी रोपं उगवू देईनात. त्यामुळे माणसाने मारलेला लांडगा ज्या कामाला होता, ते काम आता माणूस बंदुकीने करतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, परवाना लागतो, कुठल्या जातीचा प्राणी कुठल्या महिन्यात मारायचा हे ठरलेलं असतं. त्या देशात वर्षाला दहा लाखांहून जास्त लहान हरणं अशी मारली जातात. रानडुकराचं मांस तर जंतांची तपासणी झाल्याशिवाय विकताच येत नाही. यात सगळं सोवळं आहे असं मी म्हणत नाही. भिंतीवर शिंगं टांगण्याचा षोक तिथेही आहे, आणि काही मांस जंगलातून न येता हरणं पाळणाऱ्यांच्या कुरणातून येतं. तरीही जिवंत जनावर आणि शिजलेलं जनावर यांच्यात तिथे पन्नास पावलांचं अंतर होतं, म्हणून सहा वर्षांच्या मुलीला तो प्रश्न सुचला. आमच्या बागेत वाढलेल्या कितीतरी पिढ्यांना तसा एकही प्रश्न सुचला नाही.

कुणी म्हणेल, मग इथेही शिकार उघडायची का? मुळीच नाही. आपल्या रानात खाणारा अजून जिवंत आहे. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात. आपण चितळ ताटात घेतलं तर ते वाघाच्या तोंडचं जाईल. शिकारबंदीचा कायदा हवाच. पण कायदा पाळणं आणि कायद्याच्या जोरावर आपण दयाळू आहोत अशी समजूत करून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही बंदी येण्याआधी रान कोणी रिकामं केलं आणि बंदी आल्यावर तुरुंगात कोण गेलं, ते एकदा पाहायला हवं.

मराठीत शिकारीला दोन जुने शब्द आहेत. राजा करतो ती मृगया, बाकीचे करतात ती पारध. मृगया करणाऱ्याचं चित्र महालात लागलं. पारध करणाऱ्याचं नाव पारधी पडलं आणि ते पोलिसांच्या वहीत गेलं. 1871च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पारधीही त्या यादीत आले. याच पारध्यांमध्ये चित्तेवाले नावाची एक पोटशाखा होती. माणसाळलेला चित्ता घेऊन ती काळविटाची शिकार करायची. शिकारीतलं कसब त्यांचं होतं, हौस मात्र संस्थानिकांची.

आता आमच्या छत्तीसगढकडे या. हिंदुस्थानातले शेवटचे म्हणून नोंदले गेलेले तीन चित्ते 1947 साली कोरिया संस्थानाच्या महाराजांनी एका रात्रीत गोळ्या घालून पाडले. ते संस्थान आज आमच्याच राज्यात आहे. शेजारच्या सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून जास्त वाघ सांगितले जातात. चित्ता नामशेष झाल्याचं 1952 साली जाहीर झालं. पारध्यांच्या कपाळावरचा गुन्हेगारीचा कायदेशीर शिक्काही त्याच साली पुसला गेला. कायद्यापुरता पुसला गेला, गावच्या पाटलाच्या आणि ठाणेदाराच्या मनातून नाही. 2022च्या सप्टेंबरात नामिबियातून विमानाने चित्ते आणून कुनोच्या जंगलात सोडले, तेव्हा आमच्या वसाहतीत टाळ्या वाजल्या. त्यांच्या आधीचे कुठे गेले, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही.

बस्तरच्या गोंडांमध्ये पारद असते. आपला पारध आणि त्यांचा पारद, शब्द एकच. गावाने मिळून करायची ती सामूहिक शिकार, तिचे दिवस ठरलेले, तिची पूजा ठरलेली. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकार करण्याची सोय होती. ती सोय कोणाची होती हे सांगायला नको. ज्याला बंदूक, जीप आणि वनखात्यात ओळख, त्याची. 1991च्या दुरुस्तीने ते परवाने गेले, आणि ते गेले हे चांगलंच झालं. पण तोवर सशासाठी फासे लावणारा माणूस कितीतरी वेळा पकडला गेला होता, आणि परवानेवाल्याच्या दिवाणखान्यात कातडं टांगलेलं होतं. त्या फासेवाल्याला आपण आजही 'रानटी' म्हणतो. आपली दया त्याच्या चुलीपाशी फार लवकर जागी होते.

त्याच 1972 सालात आमची मैत्रीबाग झाली, भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या दोस्तीची खूण म्हणून. देशाने प्राण्यांसाठी कायदा केला आणि भिलाईने प्राण्यांसाठी बाग केली, असं जोडून सांगायला छान वाटतं. पण त्याआधीच्या सतरा वर्षांचा हिशेबही जोडायला हवा. 2 फेब्रुवारी 1955ला सोव्हिएत संघाशी करार झाला. 4 फेब्रुवारी 1959ला पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद तिच्या उद्घाटनाला आले. नागपूर, अमरावती, भंडाऱ्याकडून मराठी माणसं इथे आली, सेक्टरांमधल्या क्वार्टरांत राहिली, गणपती बसवू लागली. त्यांच्यातलंच एक घर आमचं. प्रकल्पाच्या पगारावर मुलं शिकली, त्यातला एक जर्मनीला पोचला. हे सगळं कृतज्ञतेनेच लिहिते आहे.

पण पोलाद हवेतून येत नाही. एक टन पोलादाला साधारण दीड टन लोहखनिज लागतं. पहिल्या टप्प्यात भिलाईची क्षमता वर्षाला दहा लाख टनांची होती. म्हणजे सुरुवातीलाच वर्षाला पंधरा लाख टनांच्या घरात डोंगर लागणार होता. पुढे क्षमता कित्येक पटींनी वाढली. हा डोंगर आला दल्ली-राजहराहून, भिलाईच्या दक्षिणेला, रेल्वेने दोनेक तासांच्या वाटेवरून. डोंगर म्हणजे नुसता दगड नसतो. त्यावर साल, साज, तेंदू असतो, आणि त्याखाली चितळ, भेकर, रानडुक्कर, अस्वल. डोंगर उतरवला की हे सगळं उतरतं. ते कुणाच्याही ताटात वाढलं जात नाही, त्यामुळे कुणी कानावर हात ठेवत नाही. त्या डोंगराचे झाले रूळ. देशाच्या रेल्वेला रूळ पुरवणारा कारखाना म्हणून आम्ही छाती फुगवतो, आणि फुगवावीही. पण त्या रुळात एक भेकरही वितळलेलं आहे, एवढं तरी कबूल करावं.

आता दल्ली-राजहरातलं चांगलं खनिज सरत आलं. म्हणून नारायणपूर आणि कांकेर जिल्ह्यांतल्या रावघाटच्या डोंगरांकडे रेल्वे निघाली आहे. तिथे अजून दाट रान आहे आणि गोंड गावं आहेत, आणि ती गावं डोंगराला देव मानतात. मैत्रीबागेत हरणाला पाहून "किती गोड!" म्हणणाऱ्या आम्हा लोकांपैकी कितीजणांना रावघाट नकाशावर दाखवता येईल? ज्या दिवशी तिथलं शेवटचं भेकर डोंगर सोडून जाईल, त्या दिवशीही आमच्या बागेत पुष्पप्रदर्शन भरलेलं असेल.

आणि बागेत आम्ही पाहतो काय? पांढरा वाघ. ओडिशातल्या नंदनकाननातून पांढऱ्या वाघांची जोडी आली, इथे पिल्लं झाली, देशातल्या इतर प्राणिसंग्रहालयांत गेली, आणि भिलाईचं नाव झालं. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. सामान्य वाघातला एक दबलेला जनुक आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आला की पिल्लू पांढरं होतं. जंगलात असं क्वचित घडतं. पिंजऱ्यात ते वारंवार घडवायचं, तर नात्यातल्या नात्यात जोड्या लावाव्या लागतात. रीव्याच्या महाराजांनी 1951 साली पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या बछड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच्यापासून पांढरी पिल्लं होईनात, तेव्हा त्याची जोडी त्याच्याच मुलीशी लावली, आणि 1958 साली चार पांढरी पिल्लं जन्मली. आज जगभरच्या कितीतरी पांढऱ्या वाघांचा वंश त्या घरापर्यंत जातो. या वाघांच्या डोळ्यांच्या नसांची जोडणी बिघडलेली असते, म्हणून पुष्कळांना तिरळेपणा येतो. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने 2011 साली आपल्या सभासदांना पांढऱ्या वाघांची पैदास थांबवायला सांगितलं, कारण तिने वन्य वाघांचं काहीच भलं होत नाही. रंगासाठी जनावर घडवायचं आणि त्याला संवर्धन म्हणायचं, यापेक्षा रस्सा प्रामाणिक आहे.

छत्तीसगढचा राज्यप्राणी रानम्हैस आहे. उदंतीच्या जंगलात तिची संख्या बोटांवर मोजण्याइतकी खाली आली. एका मादीच्या पेशींपासून 2014 साली कर्नालच्या संस्थेत पिल्लू बनवण्यापर्यंत वेळ गेली. आमच्या शाळकरी मुलांना ती म्हैस ओळखता येईल का, याची मला शंका आहे. पांढरा वाघ मात्र दोन वर्षांचं पोरही ओळखतं. बाग काय शिकवते, ते यात आलं.

आणखी एक गोष्ट बोलायची राहते. प्राणिसंग्रहालय म्हणजे शाकाहारी जागा, असं ज्यांना वाटतं त्यांनी मागच्या दाराने येणारी गाडी पाहावी. पिंजऱ्यातल्या वाघाला दिवसाला आठ-दहा किलो मांस लागतं. ते कुणाचं तरी असतंच. म्हणजे बागेच्या आत मांसाहारी भोजनालय आधीपासून आहेच, फक्त गिऱ्हाईक गजांच्या आड बसलेलं आहे. आपण त्याचं जेवण पाहत नाही, आपलंही पाहत नाही. पुरीभाजीचा डबा असो की चिकनचा, तो गवतावर पसरताना आपल्या मनात दोन्हींचा संबंध येत नाही. हा संबंध न येणं, याला आपण संस्कार म्हणतो.

यावर माझे काही मित्र म्हणतील, "बाई, मग पोलाद नको? रेल्वे नको?" हवी. मी रेल्वेनेच नागपूरला माहेरी जाते. जर्मन माणूस हरीण खातो म्हणून मी त्याला राक्षस म्हणत नाही, तशीच भिलाईने डोंगर खाल्ला म्हणून तिलाही म्हणत नाही. जगायला खावं लागतं. पण खाणाऱ्याने काय खाल्लं, किती खाल्लं आणि कोणाच्या पानातलं खाल्लं, हे ठाऊक असावं, आणि ते मुलांना लपवून ठेवू नये. लपवल्याने पुढच्या डोंगरावर सही करणं फार सोपं जातं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पांढऱ्या वाघांची पैदास बंद व्हावी. जे आहेत त्यांना म्हातारपणापर्यंत नीट सांभाळावं, आणि पुढे ती जागा या राज्याच्या रानातल्या जनावरांना, त्यांच्या खऱ्या रंगात, मोकळी द्यावी. मैत्रीबागेच्या फाटकावर एक मोठी पाटी लागावी, हिंदीत, छत्तीसगढीत आणि गोंडीत. पहिल्या झोतभट्टीपासून आजवर किती टन लोहखनिज आलं, कुठल्या डोंगरांतून आलं, त्यासाठी किती हेक्टर जंगल गेलं, किती गावं हलली, बदल्यात किती झाडं लावली आणि त्यातली किती जगली, ते तिच्यावर आकड्यांत लिहिलेलं असावं. हे आकडे प्रकल्पाच्या आणि वनखात्याच्या दफ्तरात असणारच. ते दरवर्षी 4 फेब्रुवारीला ताजे करावेत. शाळांच्या सहली मैत्रीबागेत जातात, त्यांना दुसऱ्या दिवशी दल्ली-राजहराला न्यावं आणि कापलेला डोंगर दाखवावा. आणि रावघाटच्या गावांतल्या मुलांनाही एकदा इकडे आणावं, त्यांच्या डोंगराचं पुढे काय होतं ते पाहायला.

'मुलांसमोर नको' म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी एवढंच सांगेन, की मुलांसमोरच हवं. नातीने विचारलेल्या प्रश्नाला तिच्या बापाने खरं उत्तर दिलं. उद्या मैत्रीबागेत एखादं पोर विचारेल, "आजी, हे हरीण इथे का आहे? याचं घर कुठे आहे?" तेव्हा आपल्यालाही खरं उत्तर देता यावं.